घर घेताना-विकताना मिळालेली सूट आणि आयकर: कोटेशनपासून खरेदीखतापर्यंत काय काय बघायचं

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आमच्या विश्रामबागच्या ऑफिसात आल्या. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत शंभर फुटी रस्त्याजवळच्या एका चालू बांधकामाचं कोटेशन. छापील किंमत ५८ लाख. त्याखाली निळ्या पेनने तिरकं लिहिलेलं, ‘पाडवा ऑफर, ३ लाख परत’. सही नाही, शिक्का नाही, तारीखसुद्धा नाही. बाईंनी विचारलं, "सर, हे तीन लाख मला रिटर्नमध्ये दाखवावे लागतील का? आणि दाखवले तर टॅक्स किती बसेल?"

मी म्हटलं, "मॅडम, आत्ता काही बसणार नाही. पण हे तीन लाख कागदावर कुठे आणि कधी येतात, त्यावर पुढचं सगळं आहे."

सांगली-मिरजेत बिल्डरची ऑफर, एजंटाचा कॅशबॅक, सोन्याचं नाणं, स्टँप ड्युटी माफ असं काही ना काही प्रत्येक व्यवहाराला चिकटलेलं असतं. लोक किमतीवर महिनाभर घासाघीस करतात, पण मिळालेली सूट कराच्या हिशेबात कुठे धरायची हे विचारायला खरेदीखत झाल्यावर येतात. तोवर बरंचसं हातातून गेलेलं असतं. म्हणून हा लेख व्यवहाराच्याच क्रमाने लिहिला आहे.

आधी एक खुलासा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. या विषयातली मूळ तत्त्वं तीच राहिली आहेत. सीएच्या तोंडी आणि जुन्या कागदांवर अजून १९६१ च्या कायद्याचेच आकडे असतात, म्हणून मीही तेच वापरतो. दुसरं म्हणजे ‘रिबेट’ हा शब्द आपल्याकडे कलम ८७ए च्या करसवलतीलाही वापरतात. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो तो त्याच्यामुळे. इथे तो विषय नाही. फक्त घर विकून झालेल्या दीर्घकालीन नफ्यावर हे ८७ए चं रिबेट नव्या पद्धतीत मिळत नाही, एवढं ध्यानात ठेवा. ‘माझं उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे’ म्हणून निर्धास्त राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

सूट कोण देतंय आणि कशापोटी

पहिली पायरी एवढीच. घर विकणाऱ्यानेच सूट दिली असेल, तर ते तुमचं उत्पन्न नाही. घराची किंमतच तेवढी उतरली. गणपती पेठेत हळदीच्या पोत्यामागे शंभर रुपये कमी करून घेतले, तर ते शंभर रुपये कुणी कमाई म्हणून लिहीत नाही, तसंच हे. फरक इतकाच की घर पुढे कधीतरी विकलं जातं आणि त्या दिवशी ‘तुम्हाला हे केवढ्याला पडलं होतं’ हा प्रश्न येतो. तेव्हा सूट वजा करूनच उत्तर द्यावं लागतं. म्हणजे आज सुटीवर कर नाही, पण खरेदीची किंमत तेवढी कमी धरली जाते आणि विक्रीच्या वेळी नफा तेवढा वाढतो.

विकणाऱ्याऐवजी तिसऱ्याच कुणी पैसे दिले, किंवा घर घेण्याव्यतिरिक्त दुसऱ्या कशापोटी दिले, की चित्र बदलतं. त्याकडे पुढे येतो.

सूट करारात आणा, करारानंतर नको

बाईंच्याच कोटेशनवर हिशेब मांडू. फ्लॅट चालू बांधकामातला आणि ४५ लाखांच्या वरचा, म्हणून जीएसटी ५ टक्के. ४५ लाखांपर्यंतचा आणि ९० चौरस मीटर कार्पेटच्या आतला असता तर १ टक्का लागला असता. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर घेतला असता तर काहीच नाही. सांगली महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभारासह ६ टक्के. बाई एकट्या घेणार असत्या तर महिलांची १ टक्क्याची सवलत मिळाली असती. पण कर्जासाठी मुलाचं नाव घालायचं होतं आणि खरेदीदारांत पुरुषाचं नाव आलं की ती सवलत जाते. नोंदणी फी ३० लाखांच्या वर कितीही किंमत असली तरी ३० हजार.

पहिला रस्ता असा की तीन लाख आधीच वजा करून ५५ लाखांचा करार करायचा. जीएसटी २ लाख ७५ हजार, मुद्रांक ३ लाख ३० हजार, नोंदणी ३० हजार. एकूण ६१ लाख ३५ हजार.

दुसरा रस्ता बिल्डरच्या माणसाने सुचवलेला. करार ५८ लाखांचा करायचा आणि ताब्यानंतर तीन लाख परत घ्यायचे. जीएसटी २ लाख ९० हजार, मुद्रांक ३ लाख ४८ हजार, नोंदणी ३० हजार. त्यातून परत आलेले तीन लाख वजा केले की ६१ लाख ६८ हजार.

त्याच घराला ३३ हजार रुपये जास्त! जी किंमत तुम्ही दिलीच नाही तिच्यावर जीएसटी आणि मुद्रांक भरायचा. वर ते तीन लाख ताब्यानंतर मिळतीलच याची हमी निळ्या पेनच्या एका ओळीवर.

मग बिल्डर लोकांना दुसरा रस्ता का आवडतो? एक तर इमारतीतल्या बाकी फ्लॅटांचा भाव कागदावर टिकतो. दुसरं कारण कर्ज. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देऊ शकते. ५८ लाखांवर ते ४६ लाख ४० हजार होतात आणि खऱ्या ५५ लाखांवर ४४ लाख. म्हणजे बँकेला न सांगता कॅशबॅक घेतला, तर २ लाख ४० हजारांचं कर्ज तुम्ही नसलेल्या किमतीवर उचललंत. ही बँकेपासून लपवलेली गोष्ट झाली. ती करू नका. करारानंतर सूट मिळणारच असेल, तर बँकेला लेखी कळवा.

काही वेळा दुसऱ्या रस्त्याला इलाज नसतो. करार आधीच झालेला असतो आणि पार्किंगची जागा बदलली किंवा काम लांबलं म्हणून बिल्डर नंतर काही रक्कम सोडतो. अशा वेळी तीन गोष्टी मागून घ्या. बिल्डरच्या लेटरहेडवर ‘अमुक करारातील किमतीतून अमुक रक्कम कमी’ असं पत्र, त्याच रकमेची क्रेडिट नोट (बिलातली रक्कम कमी केल्याचा कागद), आणि पैसे बँकेतूनच. रोखीत दोन लाख किंवा त्याहून जास्त घेतले तर कलम २६९एसटी मोडतं आणि जेवढी रक्कम तेवढाच दंड, तोही घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. त्याशिवाय जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीत देणं-घेणं हे स्वतंत्रपणे अडचणीचं आहेच.

बिल्डरने ‘स्टँप ड्युटी आमच्याकडे’ म्हटलं असेल, तरी तत्त्व तेच. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये राज्याने मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची सूट दिली होती, मग मार्च २०२१ अखेरपर्यंत २ टक्क्यांची. उरलेलं शुल्कही अनेक बिल्डरांनी स्वतः भरलं. त्या काळात घर घेतलेली माणसं आता विकायला निघाली आहेत आणि खरेदीच्या खर्चात मुद्रांकाची पूर्ण रक्कम लिहून आणतात. तुमच्या खिशातून गेली तेवढीच लिहायची. जुन्या करपद्धतीत ८०सी खाली मुद्रांक आणि नोंदणीची वजावट मिळते, तीही तुम्ही भरलेल्या रकमेचीच. सरकारने दिलेली सवलत मात्र कुणाचं उत्पन्न होत नाही. शुल्क कमी भरलं, म्हणून खर्च कमी धरला, विषय संपला.

रेडी रेकनरच्या खाली घसरलात तर

सुटीवर खराखुरा कर लागतो तो इथे. आणि सांगलीत तो इतरांपेक्षा जास्त लागण्याची शक्यता आहे. त्याचं कारण कृष्णा नदीचा पूर.

नियम असा. करारातली किंमत आणि मुद्रांकासाठी धरलेलं मूल्य, म्हणजे रेडी रेकनरचं, यात फरक असेल तर १० टक्क्यांपर्यंत कायदा दुर्लक्ष करतो. त्यापुढे गेलात की दोघांना लागतं. विकणाऱ्याला कलम ५०सी प्रमाणे रेडी रेकनरचीच किंमत मिळाली असं धरून नफा काढावा लागतो. घेणाऱ्याला कलम ५६(२)(एक्स) प्रमाणे पूर्ण फरक ‘इतर स्रोतांपासून उत्पन्न’ म्हणून दाखवावा लागतो. दहा टक्क्यांच्या वरचा तुकडा नव्हे, पूर्ण फरक. हा मुद्दा भल्याभल्यांकडून सुटतो. घेणाऱ्यासाठी ५० हजार रुपये किंवा किमतीच्या १० टक्के यातला जो आकडा मोठा, तेवढीच मोकळीक.

गावभाग, मारुती चौक, हरभट रोड इथं ऑगस्ट २०१९ मध्ये काय झालं ते सांगलीकराला सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं. अशा भागातल्या तळमजल्याच्या घराला गिऱ्हाईक आजही भिंतीवरची पाण्याची रेघ बघूनच भाव सांगतं. पण रेडी रेकनरचा तक्ता विभागाप्रमाणे चालतो, तुमच्या भिंतीवरची रेघ त्यात नसते.

धरा की तळमजल्याच्या फ्लॅटचं रेडी रेकनर मूल्य ४० लाख आहे आणि सौदा ३५ लाखांना ठरला. पाण्याचा भाग म्हणून मालकाने पाच लाख सोडले. ३५ लाखांचे दहा टक्के साडेतीन लाख, फरक पाच लाख. मर्यादा ओलांडली. विकणाऱ्याने हातात ३५ घेतले, पण नफा ४० वर मोजायचा. घेणाऱ्याच्या उत्पन्नात पाच लाख वाढले. त्या पाच लाखांवर २० टक्क्यांचा दर धरला तर सेससकट १ लाख ४ हजार कर. मुद्रांक शुल्कही ४० वरच.

यावर तीन उपाय आहेत, आणि ते याच क्रमाने बघा.

पहिला, विसार देण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयातून किंवा नोंदणी विभागाच्या ई-एएसआर संकेतस्थळावरून मूल्य काढा आणि त्याला १.१ ने भागा. ४० लाखांना भागलं की ३६ लाख ३६ हजार आणि काही रुपये येतात. सौदा ३६ लाख ३७ हजारांना केला असता तर दोघंही सुटले असते. वरच्या उदाहरणात घेणाऱ्याने १ लाख ३७ हजार जास्त दिले असते आणि १ लाख ४ हजारांचा कर वाचला असता. त्याला वरवर तोटाच, पण विकणाऱ्याचा करही वाचतो आणि हातात रक्कम जास्त येते. समोरासमोर बसून मधला आकडा काढता येतो.

दुसरा उपाय, बाजारभाव खरोखरच कमी असेल तर दस्त करण्याआधी सह जिल्हा निबंधकांकडे मुद्रांक कायद्याच्या कलम ३१ खाली अभिनिर्णयाचा, म्हणजे मुद्रांकासाठीचं मूल्य आधीच ठरवून घेण्याचा, अर्ज करा. पुराचे फोटो, पंचनामा, शेजारच्या व्यवहारांच्या इंडेक्स टूच्या (नोंदवलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याच्या) प्रती आणि नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल जोडा. मूल्य तिथेच खाली आलं तर पुढची सगळी कटकट टळते. वेळ जातो, म्हणून लोक कंटाळा करतात. मला विचाराल तर पूरपट्ट्यातल्या घराला हा महिना-दोन महिन्यांचा वेळ द्यावाच.

तिसरा उपाय आयकराची चौकशी आली तर. ‘मुद्रांकाचं मूल्य बाजारभावापेक्षा जास्त आहे’ असं अधिकाऱ्याला लेखी सांगा आणि प्रकरण खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवण्याची मागणी करा. घेणारा आणि विकणारा दोघांनाही ती करता येते. पण मुद्रांकाच्या मूल्याविरुद्ध तुम्ही आधीच अपील केलेलं असेल तर हा रस्ता बंद होतो.

दोन गोष्टी यालाच जोडून. करार आणि नोंदणी वेगवेगळ्या वर्षी झाली आणि मधे रेडी रेकनर वाढला, तर कराराच्या तारखेचं मूल्य धरता येतं. अट अशी की कराराच्या दिवशी किंवा त्याआधी काहीतरी रक्कम चेकने किंवा ऑनलाइन दिलेली हवी. म्हणून विसार रोखीत देऊ नका. आणि घेणाऱ्याने फरकावर कर भरलाच असेल, तर पुढे विकताना त्याची खरेदी किंमत ३५ नव्हे, ४० लाख धरली जाते. तो कागद पंधरा वर्षांनीही सापडला पाहिजे.

सोन्याचं नाणं, स्कूटर आणि लकी ड्रॉ

बुकिंग करणाऱ्या प्रत्येकाला एसी किंवा किचन ट्रॉली मिळणार असेल आणि तसं अलॉटमेंट लेटरमध्ये लिहिलं असेल, तर ते घराबरोबरच आलं. वेगळा कर नाही. ग्राहकाला दिलेली विक्री सूट आणि रिबेट यांच्यावर कलम १९४आर ची (भेटवस्तू-फायद्यांवरची) करकपात लागत नाही, असं आयकर मंडळाने जून २०२२ च्या परिपत्रक १२ मध्ये स्पष्ट केलं आहे. सोन्याबाबत मात्र कागद नीट हवा. सोनं हे ५६(२)(एक्स) मधल्या ‘मालमत्ते’च्या यादीत येतं. ५० हजारांच्या वरचं नाणं कुठल्याही कागदात न लिहिता हातात ठेवलं, तर ती भेट आहे की घराच्या किमतीतली सूट, हे तुम्हालाच पटवून द्यावं लागेल.

ड्रॉचं वेगळं आहे. चिठ्ठी काढून एकालाच गाडी मिळते, तेव्हा ती घराची सूट राहत नाही, ते बक्षीस. त्यावर तुमचा टप्पा कोणताही असो, ३० टक्के आणि सेस मिळून ३१.२ टक्के कर. वस्तूच्या रूपात बक्षीस असेल तर कर भरल्याशिवाय ते देता येत नाही. एक लाखाची स्कूटर लागली तर ३१ हजार २०० ची तयारी ठेवून हार घालायला जा.

एजंट आणि ओळखीचा कॅशबॅक

तुम्ही एजंटाला ६० हजार दलाली दिली आणि त्याने २५ हजार परत केले, तर तुमची दलाली ३५ हजार. घेताना ती खरेदीच्या खर्चात धरायची, विकताना विक्रीच्या खर्चात. ६० हजारांची पावती फाईलला लावून २५ हजार विसरून जायचे, हे चालणार नाही.

दलाली बिल्डर देतो आणि एजंट त्यातलं काही तुम्हाला देतो, तिथे जरा जपून. पैसे विकणाऱ्याकडून आलेले नाहीत. एजंटाला तुम्ही काही दिलेलंही नव्हतं. अशी रक्कम वर्षात ५० हजारांच्या वर गेली की ‘मोबदल्याशिवाय मिळालेले पैसे’ म्हणून उत्पन्नात धरली जाऊ शकते. माझा सल्ला असा की एजंटाला सांगा, तुझी दलाली तू कमी घे आणि बिल्डरला तेवढी किंमत करारातच कमी करायला लाव. ते होत नसेल तर ‘अमुक फ्लॅटच्या खरेदीच्या व्यवहारापोटी सूट’ असं पत्र घ्या आणि रक्कम खरेदी किमतीतून वजा दाखवा.

आपल्याकडच्या बऱ्याच घरांतली मुलं अमेरिकेत आहेत, ती हे विचारतात. तिथे एजंटाने कमिशनमधून खरेदीदाराला दिलेली सूट तिथलं करखातं घराच्या किमतीतली घट मानतं, उत्पन्न नाही. मात्र काही राज्यांत अशी सूट द्यायलाच बंदी आहे. तिथला नियम तिथल्या घराला. विश्रामबागच्या फ्लॅटला तो दाखवून उपयोग नाही.

आणि ‘तुमच्या मेहुण्याला आणा, ५० हजार देतो’ ही तर सूट नव्हेच. तुम्ही गिऱ्हाईक आणलंत त्याचा तो मोबदला. तो पूर्ण उत्पन्नात येतो.

कर्ज आणि अनुदान, थोडक्यात

पंतप्रधान आवास योजनेचं व्याज अनुदान कर्जखात्यात जमा होतं. जुन्या योजनेत ते जास्तीत जास्त २ लाख ६७ हजारांपर्यंत होतं, आताच्या शहरी २.० मध्ये १ लाख ८० हजारांपर्यंत, पाच वार्षिक हप्त्यांत. व्यक्तींना मिळणाऱ्या कल्याणकारी अनुदानांवर कर नाही, हे अर्थ मंत्रालयाने मे २०१५ मध्येच स्पष्ट केलं आहे. फक्त कलम २४ खाली व्याजाची वजावट घेताना बँकेच्या दाखल्यातला, अनुदानानंतरचा आकडा घ्या. ‘ताबा मिळेपर्यंत हप्ता आम्ही भरू’ या योजनेतही बिल्डरने भरलेल्या व्याजाची वजावट तुम्ही मागायची नाही. आणि ताब्यापर्यंत तो दरमहा ठरावीक परतावा देत असेल तर ते उत्पन्न आहे, त्याला सूट म्हणू नका.

टीडीएस: ५० लाखांची रेघ

करारातली किंमत किंवा मुद्रांक मूल्य, यातलं एक जरी ५० लाखांना पोचलं, तरी घेणाऱ्याने विकणाऱ्याला द्यायच्या पैशांतून १ टक्का कर कापायचा, आणि दोन्हींतल्या मोठ्या आकड्यावर. ५२ लाखांचा फ्लॅट सूट घेऊन ४९ ला आणला, पण रेडी रेकनर ५१ म्हणतो, तर ५१ हजार कापावेच लागतात. पार्किंग, क्लब, मेंटेनन्स यांचे पैसेही किमतीत धरायचे. नवरा-बायकोने निम्मं-निम्मं घेतलं तरी बेरीज ५० वर गेली की लागू. १ ऑक्टोबर २०२४ पासून यात पळवाट उरलेली नाही. कापलेला कर जुन्या २६क्यूबी फॉर्मच्या धर्तीवर, कापलेला महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरायचा. ५८ चा करार करून नंतर तीन लाख परत घेतले, तरी १ टक्का ५८ वरच गेलेला असतो. सूट आधी घ्या म्हणतो त्याचं हेही एक कारण.

विकताना जुनी सूट वर येते

बाईंनी समजा दुसरा रस्ता धरला असता आणि सात वर्षांनी घर ८० लाखांना विकलं असतं. मुलगा करार बघून किंमत ५८ लाख धरणार, त्यात जीएसटी, मुद्रांक आणि नोंदणी मिळवून ६४ लाख ६८ हजार. परत आलेले तीन लाख कुणाच्या लक्षात राहतात? नफा तीन लाखांनी कमी दाखवला जाणार. साडेबारा टक्के आणि सेस मिळून ३९ हजारांचा कर कमी भरला, आणि खात्याला बिल्डरच्या हिशेबातली क्रेडिट नोट सापडली, तर व्याज आणि दंड वेगळा.

२३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल तर निवासी व्यक्तीला दोन्ही पद्धतींनी कर काढून कमी येईल तो भरता येतो, म्हणजे इंडेक्सेशनशिवाय (महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे खरेदीची किंमत न वाढवता) १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशनसह २० टक्के. इंडेक्सेशन घेणार असाल तर जुनी सूट फुगून वर येते. २०१२-१३ साली दोन लाख सूट मिळाली होती आणि २०२५-२६ मध्ये विकलं, तर निर्देशांक २०० वरून ३७६ झालेला. ती सूट ३ लाख ७६ हजारांची झाली.

नफ्यातून दुसरं घर घेऊन कलम ५४ ची सूट मागणार असाल, तर नव्या घराचीही निव्वळ किंमतच मोजली जाते. नफा २० लाख, नवा फ्लॅट २२ लाखांचा, पण त्यावर तीन लाखांची ऑफर. पडला १९ लाखांना. एक लाखावर कर लागेल. अशा वेळी ऑफर घेऊ नका असं मी म्हणत नाही. तीन लाख वाचवून एक लाखावरचा कर भरायला काय हरकत आहे? फक्त आधी माहीत असावं.

विकणाऱ्याने सूट द्यायची असेल तर एकच सांगतो. गळती निघाली, रंग द्यायचा आहे, म्हणून लाखभर सोडायचं ठरलं, तर ते खरेदीखतातल्या किमतीतच कमी करा. साठेखत आधी झालं असेल तर पुरवणी करार करा. खरेदीखत ६२ लाखांचं नोंदवून नंतर माणुसकीने लाख रुपये परत दिले, तर नफा ६२ वरच मोजला जातो. दिलेल्या लाखाची वजावट मिळवणं फार अवघड जातं.

फाईल

एक जाड फाईल करा आणि तिच्यावर घराचा पत्ता लिहा. आत सही-शिक्क्याचं कोटेशन, अलॉटमेंट लेटर, साठेखत, खरेदीखत, इंडेक्स टू, त्या वर्षीच्या रेडी रेकनरची प्रत, मुद्रांक आणि जीएसटीच्या पावत्या, टीडीएसचा दाखला, दलालीची पावती, आणि जी काही सूट मिळाली तिचं पत्र, क्रेडिट नोट व बँकेच्या पासबुकातली ती ओळ. वरच्या पानावर हाताने एक हिशेब ठेवा: दिलेलं किती, परत आलेलं किती, निव्वळ किती. दरवर्षी रिटर्न भरताना एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात, व्यवहार कोणत्या आकड्याने दिसतो तेही ताडून बघा. घर बहुतेक वेळा विकतात ती मुलं, आणि त्यांना पाडव्याची ऑफर आठवत नसते.

त्या बाई दुसऱ्या दिवशी बिल्डरच्या ऑफिसात गेल्या. त्यांनी निळ्या पेनची ओळ दाखवली आणि ५५ लाखांचं छापील कोटेशन मागितलं. माणूस म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये तसं होत नाही." त्या तिथेच खुर्चीत बसून राहिल्या. चाळीस मिनिटांनी प्रिंट निघाली. संध्याकाळी त्यांनी ती मला फोनवर वाचून दाखवली, खालची तारीख आणि सही सुद्धा.